जर्मनीतले पहिले पंधरा दिवस : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांसाठी

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या भागातून बरीच मुलं एमएस करायला जर्मनीला निघतात. तिथलं हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं, वर्ग महिन्याच्या मध्याला भरतात आणि मधले दिवस कचेऱ्यांच्या फेऱ्यांत जातात. विद्यापीठ कसं निवडावं, व्हिसाला काय लागतं हे सांगणारे पुष्कळ आहेत. पोचल्यावर कुठलं काम आधी, कुठलं नंतर आणि गाडी नेमकी कुठे अडते, हे मात्र मुलं निघायच्या आदल्या रात्री विचारत असतात. ते एका जागी असावं म्हणून हे लिहिलंय.

सगळी कामं एका साखळीत ओवलेली आहेत. राहायला जागा मिळाली की घरमालक एक सहीचा कागद देतो. तो कागद दाखवला की शहराच्या नागरी कचेरीत तुमच्या पत्त्याची नोंद होते. नोंदीच्या दाखल्यावर बँकेचं काम सोपं होतं. बँकखातं झालं की ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यात, अडकलेले तुमचेच पैसे दरमहा सुटायला लागतात. आणि हे सगळं जमलं की परदेशी नागरिकांच्या कचेरीत राहण्याच्या परवान्याचा अर्ज. पहिली कडी पत्त्याची आहे. ती मिळेपर्यंत पुढची एकही नीट बसत नाही, म्हणून पंधरा दिवसांतला सगळा जोर आधी तिथेच लावा.

पत्त्याच्या जोडीला दुसरी गोष्ट नावाची, आणि ती घरूनच निस्तरून जायची आहे. आपल्याकडे एकाच मुलाचं नाव चार कागदांवर चार तऱ्हेने असतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, कॉलेजच्या कागदावर नुसती आद्याक्षरं, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, आणि पासपोर्टवर कधी कधी आडनावाचा रकानाच कोरा. जर्मनीत फक्त पासपोर्ट चालतो. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात तुमचं आणि वडिलांचं अशी दोन नावं असतील, तर तिथे ती दोन्ही मिळून तुमचं ‘फोरनामे’ होतं. घराचा करार, बँक, विमा, विद्यापीठ, सगळीकडे ती दोन्ही लिहा. वडिलांचं नाव एके ठिकाणी घातलं आणि दुसऱ्या ठिकाणी गाळलं, तर तिथल्या संगणकाच्या दृष्टीने त्या दोन व्यक्ती होतात. आडनावाचा रकाना कोरा असेल तर व्हिसाच्या आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. नंतर तो घोळ प्रत्येक अर्जात मागे लागतो.

आपल्या जिल्ह्याची म्हणून एक वेगळी अडचण आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटक सरकारने शहरांची इंग्रजी नावं बदलली आणि ‘बेलगाम’चं ‘बेळगावी’ झालं. आज जाणारी मुलं त्याच्या आधी जन्मलेली. जन्मदाखल्यावर जुनं स्पेलिंग, पदवीवर नवं, आणि पासपोर्टवर ज्या वर्षी जे भरलं ते. हुबळी, विजापूर, गुलबर्ग्याच्या मुलांचंही तेच. तिथल्या माणसाला ही दोन वेगळी गावं वाटतात आणि त्यात त्याची चूक नाही. जन्मस्थळाच्या रकान्यात सगळीकडे पासपोर्टवर आहे तेच, त्याच स्पेलिंगने लिहा. कुणी विचारलंच तर ‘जुनं नाव, नवं नाव, गाव एकच’ एवढं एक वाक्य इंग्रजीत आणि जर्मनमध्ये तयार ठेवा.

आता सामान. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळूरु किंवा मुंबईला जाऊन पुढे परदेशी विमान पकडणार असाल आणि दोन्ही तिकिटं वेगळी काढली असतील, तर देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोच सामान फुकट जातं. पुढच्या विमानात २३ किंवा ३० किलो चालत असले तरी इथे जादा वजनाचे पैसे भरावे लागतात. मुंबई आणि बेंगळूरु दोन्ही आपल्यापासून साधारण पाचशे किलोमीटर. दोन मोठ्या बॅगा असतील तर रात्रीची बस किंवा गाडी परवडते, फक्त हातात अर्धा दिवस मोकळा ठेवून निघा.

खाण्याचे पदार्थ भरताना आईंचं मन मोडावं लागतं. युरोपीय संघाच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत आणता येत नाहीत. त्यामुळे आपला कुंदा, पेढे, घरचं तूप, खवा घातलेलं काहीही बॅगेत नको. ताजी फळं, भाज्या आणि पानंही आरोग्य-प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, म्हणजे परसातला ताजा कढीपत्ता गेला. सवलत आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढ्या पाचांना. कोरडे मसाले, पिठं, चटण्या, पापड यांची अडचण येत नाही. कांदा-लसूण मसाला दुहेरी पिशवीत, हवा काढून, बॅगेच्या मधोमध ठेवा, नाहीतर थंडीच्या जाकिटाला महिनाभर त्याचाच वास. दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस आणि खसखस घातलेला गरम मसाला अजिबात घेऊ नका, संयुक्त अरब अमिरातीत त्याला बंदी आहे.

मूळ कागदपत्रं हातातल्या बॅगेत. पदवी किंवा प्रोव्हिजनल, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, एपीएसचं (शिक्षणाचे कागद तपासल्याचं) प्रमाणपत्र, प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा कागद, विम्याचा कागद, आठ-दहा फोटो. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स बेळगावातच काढा. लग्न झालेल्यांनी विवाह नोंदणीचा दाखलाही घ्यावा. त्यातला कन्नड मजकूर तिथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मनमध्ये करून मागितला जाऊ शकतो.

पोचायचा वार नीट निवडा. मंगळवार ते गुरुवार, सकाळी किंवा दुपारी. विद्यार्थी वसतिगृहात खोली असेल तर किल्ली हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा देखभाल करणारा माणूस देतो, आणि त्याच्या कचेरीच्या वेळा ठरलेल्या असतात. शुक्रवारी संध्याकाळी पोचलात तर किल्ली थेट सोमवारी. रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते आणि ती बरोबर आपल्या जाण्याच्या दिवसांतच येते. ती तारीख कॅलेंडरवर बघूनच तिकीट काढा.

खोली ताब्यात घेताना ‘युबरगाबेप्रोटोकोल’ नावाचा कागद भरतात. त्यात भिंतीवरचे डाग, तुटका कडी-कोयंडा, गादीवरचे ओरखडे सगळं लिहून घ्या आणि तिथल्या तिथे फोटो काढा. खोली सोडताना या नोंदीवरूनच डिपॉझिट परत मिळतं. डिपॉझिटला ‘काउत्सिओन’ म्हणतात, आणि कायद्याने ते तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. मूळ भाडं म्हणजे ‘काल्टमीटे’, हीटिंग-पाण्यासकटचं भाडं म्हणजे ‘वार्ममीटे’. जाहिरातीत कुठला आकडा लिहिलाय ते बघा, दोन्हींत शंभर-दीडशे युरोंचा फरक सहज पडतो. वीज कधी वार्ममीटेत धरलेली असते, कधी नसते, तेही विचारा. पहिल्या रात्रीसाठी एक चादर, एक सोलापुरी आणि उशीचा अभ्रा बॅगेत वरच ठेवा. सामानासकट खोली म्हणजे पलंग आणि गादी, अंथरूण-पांघरूण त्यात धरत नाहीत.

जागा शोधताना एकच प्रश्न पहिल्यांदा विचारायचा: ‘आनमेल्डुंग म्योग्लिश?’ म्हणजे या पत्त्यावर नोंदणी करता येईल का. स्वस्तातली पोटभाड्याची खोली, मित्राच्या खोलीतला कोपरा, यूथ हॉस्टेल, सुट्टीतली भाड्याची घरं, यांतल्या बऱ्याच ठिकाणी उत्तर नाही असतं. दोन आठवडे तिथे काढायला हरकत नाही, पण साखळी तेवढे दिवस सुरूच होत नाही हे धरून चाला. आणि मालक ‘मी सध्या दुसऱ्या देशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ म्हणाला तर बोलणं तिथेच थांबवा. ही फसवणूक जुनी आहे आणि दर ऑक्टोबरला नव्या मुलांवर चालते.

आता मुख्य काम, ‘आनमेल्डुंग’. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची असा कायदा आहे. नोंद ‘ब्यूर्गरआम्ट’मध्ये, म्हणजे शहराच्या नागरी कचेरीत होते. बरोबर लागतं ते एवढंच: पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाच्या सहीचा ‘व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. शब्दाला घाबरू नका, ‘हा माणूस अमुक तारखेपासून माझ्या घरात राहतो’ एवढाच त्याचा अर्थ. भाडेकरार दाखवून भागत नाही, हाच कागद लागतो. त्यावरची राहायला आल्याची तारीख आणि तुम्ही अर्जात लिहिलेली तारीख एकच हवी.

बहुतेक मोठ्या शहरांत आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते, तिला ‘टेर्मिन’ म्हणतात. ऑक्टोबरमध्ये या वेळा आठवडेच्या आठवडे भरलेल्या असतात, म्हणून जागा पक्की झाली की भारतातूनच वेळ घेऊन ठेवा. शहरात अशा अनेक कचेऱ्या असतील तर सहसा कुठल्याही चालते, आपल्या भागातलीच हवी असं नाही. सकाळी कचेरी उघडायच्या सुमाराला रद्द झालेल्या वेळा परत दिसायला लागतात, तेव्हा बघत राहा. तारीख उशिराची मिळाली तर ती दोन आठवड्यांच्या आतच मागितल्याचा ईमेल जपून ठेवा.

अर्जात धर्माचा एक रकाना असतो. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की पुढे प्राप्तिकर लागू झाल्यावर त्या कराच्या ८ किंवा ९ टक्के चर्चकर कापला जातो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बायर्नमध्ये ८, बाकी राज्यांत ९. आपल्याकडची ख्रिस्ती मुलंही जातात, त्यांना हे आधी माहीत असायला हवं. बाकीच्यांनी तो रकाना नीट वाचून ‘काइने’, म्हणजे कुठलाही नाही, असं निवडलेलं बरं.

काउंटरवरची बाई किंवा बुवा जर्मनच बोलेल असं धरून चाला. सीमाभागातल्या मुलांना याची एका अर्थाने तालीम झालेली असते. घरी मराठी, नाडकचेरीत कन्नड अर्ज, कॉलेजात इंग्रजी. आपली नसलेली भाषा समोर छापलेली असताना रकान्यांच्या क्रमावरून अर्ज भरायचा कसा, हे आपल्याला लहानपणापासून येतं. तेच कौशल्य इथे वापरा: नमुना अर्ज घरी उतरवून घ्या, प्रत्येक रकान्याचा अर्थ पेन्सिलीने लिहा, आणि कचेरीत शांतपणे भरलेला अर्ज पुढे करा. छापून आलेला दाखला, ‘मेल्डेबेशायनिगुंग’, तिथेच उभं राहून वाचा. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, घर नंबर. चूक असेल तर लगेच सांगा, दोन मिनिटांत होते. घरी आल्यावर लक्षात आली तर परत टेर्मिन.

आणि आता पत्रपेटी. याच्याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं आणि सगळ्यांत जास्त त्रासही त्याचाच होतो. आपल्याकडे पत्त्यावर नाव, गल्ली आणि ‘मारुती देवळाजवळ’ लिहिलं की पोस्टमन घर शोधून काढतो, शेजारच्या काकूंकडे पत्र देऊन जातो. जर्मनीत इमारतीच्या खाली पत्र्याच्या पेट्यांची रांग असते. प्रत्येक पेटीवर बोटभर लांबीची पट्टी, तिच्यावर आडनाव. पोस्टमन खोली नंबर बघत नाही, पट्टीवरचं नाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत जातं, सरकारी असलं तरी. आणि पहिल्या महिन्यात सगळं महत्त्वाचं टपालानेच येतं: बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात, विम्याचं कार्ड, ११ आकडी कर-ओळख क्रमांक, परदेशी नागरिकांच्या कचेरीचं बोलावणं. किल्ली मिळाली त्याच दिवशी कागदाच्या पट्टीवर आडनाव मोठ्या अक्षरांत लिहा आणि पेटीवर आणि दाराच्या बेलवर चिकटवा. दुसऱ्याच्या खोलीत पोटभाड्याने असाल तर त्याच्या नावाखाली तुमचं. पावसाने शाई पसरू नये म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. आडनाव पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने. पाटील, देसाई एका मजल्यावर दोन असतील तर पहिल्या नावाचं अक्षरही घाला.

पैशांचं गणित पहिल्या महिन्यात अवघड असतं. सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम वर्षाला ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२. निघण्यापूर्वी वकिलातीच्या पानावर चालू आकडा एकदा बघून घ्या. हे पैसे पोचताच हातात येत नाहीत. आधी तिथलं चालू खातं, म्हणजे ‘गिरोकोंटो’, उघडायचं, त्याचा २२ अक्षरांचा आयबान, म्हणजे खातेक्रमांक, ब्लॉक्ड खातं देणाऱ्या कंपनीला कळवायचा, ती मागेल ते कागद चढवायचे, मग पहिला हप्ता. यात तीन-चार आठवडे सहज जातात. तोपर्यंत भाडं, डिपॉझिट, सत्र-शुल्क, तिकिटं, भांडी सगळं खिशातून. डिपॉझिट सोडून दीड ते दोन हजार युरो फॉरेक्स कार्डावर आणि त्यांतले तीन-चारशे रोख असावेत असं माझं मत आहे. दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त रोख बरोबर असेल तर ती कस्टम्सला जाहीर करावी लागते.

ऑनलाइन बँका ओळख व्हिडिओवर पटवून घेतात, पण सगळ्याच बँका भारतीय पासपोर्ट व्हिडिओवर चालवून घेत नाहीत. मग ‘पोस्टइडेंट’चा कागद छापून पोस्टाच्या शाखेत जायचं, तिथला माणूस पासपोर्ट बघून शिक्का देतो. सिमकार्डालाही ओळख पटवावी लागते. सुपरमार्केटमध्ये मिळणारं प्रीपेड सिम स्वस्त पडतं, पण ते सुरू व्हायला एखादा दिवस लागू शकतो, तेवढ्यापुरतं भारतीय सिमवर रोमिंग ठेवा. भारतीय नंबर बंद पडू देऊ नका. बेळगावच्या बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. रोमिंग निघण्यापूर्वीच चालू करून घ्या, तिथे गेल्यावर चालू करायला पुन्हा ओटीपीच लागतो.

सत्र-शुल्क भरताना ‘फेरव्हेंडुंग्सत्स्वेक’, म्हणजे पैसे कशासाठी, या रकान्यात विद्यापीठाने दिलेला क्रमांक जसाच्या तसा टाका. तो नसेल तर पैसे पोचतात, पण ते कुणाचे ते कळत नाही आणि नोंदणी अडून राहते. हे शुल्क भारतातल्या बँकेतून भरायचं असेल तर मधल्या बँकांचं शुल्क कापलं जाऊन रक्कम वीसेक युरोंनी कमी पोचू शकते. शुल्क अपुरं म्हणजे नोंदणी नाही. पाठवताना सगळा खर्च आपल्याकडे घ्यायचा पर्याय निवडा.

नोंदणीसाठी आरोग्यविम्याचा पुरावाही लागतो, आणि तो कागदावर चालत नाही. विमा कंपनी विद्यापीठाला संगणकावरून कळवते. म्हणून विमा ठरवला की कंपनीला आपल्या विद्यापीठाचं नाव द्या आणि ‘कळवलंत का’ म्हणून विचारा. तीस वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी विमा विद्यार्थ्यांच्या दराने मिळतो, महिन्याला दीडशे युरोंच्या घरात. खासगी विमा सुरुवातीला स्वस्त दिसतो. पण त्यासाठी सरकारी विम्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. दोन वर्षांनी दाढेचं किंवा पाठीचं दुखणं निघालं की मुलांना याची किंमत कळते. सरकारीच घ्या. पोचल्यापासून तो सुरू होईपर्यंतच्या दिवसांना प्रवासविमा हवा.

नोंदणी पूर्ण होईपर्यंत सत्राचं प्रवासतिकीट मिळत नाही, तोवर रोजचं तिकीट काढावं लागतं. बऱ्याच शहरांत कागदी तिकीट फलाटावरच्या किंवा डब्यातल्या यंत्रात घालून त्यावर वेळ उमटवावी लागते. काढलं पण शिक्का नाही, म्हणजे विनातिकीट: दंड ६० युरो. माहीत नव्हतं हे कारण चालत नाही.

राहण्याचा परवाना पंधरा दिवसांत होत नाही, पण त्याची सुरुवात याच दिवसांत करा. व्हिसावरची शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. परदेशी नागरिकांच्या कचेरीकडे, म्हणजे ‘आउसलेंडरबेहोर्डे’कडे, तुमचा अर्ज त्या तारखेच्या आधी पोचला पाहिजे. वेळ उशिराची मिळाली तरी अर्ज वेळेत असेल तर निकाल लागेपर्यंत राहणं कायदेशीर ठरतं, आणि तसा ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ नावाचा कागद मागता येतो. अर्ज पाठवल्याची पोच जपा. कामाच्या बाबतीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण आधी तो ११ आकडी कर क्रमांक लागतो, तो आनमेल्डुंगनंतर टपालाने येतो. पुन्हा तीच पेटी.

टपालातच आणखी एक पत्र येईल, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. घरामागे महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून पत्र फेकू नका, घरात टीव्ही असो वा नसो, वर्गणी लागू होतेच. चौघं मिळून एका फ्लॅटमध्ये राहत असाल तर एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा.

आता स्वयंपाकघर. तिथे गॅस क्वचित, बहुतेक खोल्यांत विजेची काचेची शेगडी किंवा इंडक्शन. आपला खोलगट तवा आणि गोल बुडाची कढई काचेवर नीट बसत नाही, मधला भाग तापत नाही. सपाट बुडाचा तवा न्या. इंडक्शन असेल तर भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते घरीच बघा. नुसत्या ॲल्युमिनियमचा कुकर तिथे गरमच होत नाही. तीन लिटरचा इंडक्शन बुडाचा कुकर पुरतो, पण त्याबरोबर दोन जादा रबर आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह जरूर घ्या, तिथल्या दुकानात आपल्या कुकरचे भाग मिळत नाहीत. काचेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. तीन शिट्ट्यांचा भात असेल तर दोन झाल्यावर बटण बंद करा, तिसरी आपोआप होते.

फोडणीचं तंत्र तिथे बदलावं लागतं. गॅसवर आपण ज्योत कमी केली की तेल शांत होतं. विजेच्या शेगडीवर बटण फिरवलं तरी खालची काच तशीच तापलेली असते. नऊ आकड्यांची शेगडी असेल तर सहावर ठेवा, त्याच्या वर जाऊ नका. मोहरी तडतडायला लागली की भांडं उचलून बाजूला घ्या, मग हिंग, हळद, मिरची. मिरची तापलेल्या तेलात जळली की धूर होतो, आणि छतावर धूर ओळखणारं यंत्र असतंच. झोपायच्या खोलीत ते कायद्याने लागतं आणि एका खोलीच्या घरात शेगडी पलंगापासून चार पावलांवर असते. फोडणीपूर्वी खिडकी पूर्ण उघडा, शेगडीवर धूर ओढणारा पंखा असेल तर आधी चालू करा, आणि व्हरांड्याकडचं दार घट्ट बंद ठेवा. धूर घालवायला दार उघडण्याची चूक सगळे करतात. व्हरांड्यातलं यंत्र बऱ्याच वसतिगृहांत थेट अग्निशमन दलाशी जोडलेलं असतं. ते वाजलं की इमारत रिकामी करतात आणि गाडीचा खर्च तुमच्या माथी येऊ शकतो. यंत्रावर पिशवी बांधायची नाही. तो गुन्हा समजतात, आणि खरंच आग लागली तर जीव जाईल.

पीठ घेताना पाकिटावरचा आकडा बघा. ४०५ म्हणजे आपला मैदा. आकडा चढत जातो तसा कोंडा वाढतो, आणि ‘फोलकोर्न’ म्हणजे पूर्ण गहू. ५५० आणि बारीक फोलकोर्न निम्मं-निम्मं मिसळलं की पोळी होते, मात्र कणीक अर्धा तास मुरू द्या. शाळूचं पीठ भारतीय दुकानातच मिळेल, तेही नेहमी ताजं नसतं. पहिल्या महिन्यापुरतं दोन किलो घरून न्या. मसूर, छोले, हिरवी मिरची, कोथिंबीर, जुडीतला पुदिना तुर्की दुकानात चांगला आणि स्वस्त मिळतो. दही तिथलंच, किलोच्या डब्यात. ‘क्वार्क’ दिसायला दह्यासारखं असतं पण ते दही नव्हे, त्याची कढी होत नाही. तूप नेता येत नाही म्हणून हळहळू नका: अडीचशे ग्रॅम बिनमिठाचं लोणी मंद आचेवर वीस मिनिटं कढवलं की जवळजवळ दोनशे ग्रॅम तूप निघतं, आणि बेरीचा वास घरच्यासारखाच.

आपल्या तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटात जात नाही. दोन बारीक गोल पिनांचे चार्जर जातात, पण ढिले बसतात. व्होल्टेज सारखंच आहे. बेळगावातून दोन-तीन ॲडॅप्टर घेऊन जा.

हीटरच्या बटणावर १ ते ५ आकडे असतात. ३ वर ठेवलं की खोली वीस अंशांच्या आसपास राहते. ५ वर ठेवल्याने लवकर गरम होत नाही, जास्त गरम होते आणि बिल येतं. दिवसातून दोन-तीनदा खिडकी सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा बदला. कुकरची वाफ आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांचा दमटपणा भिंतीत मुरतो आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. खानापूरच्या पावसात कपाटातल्या चपलांवर धरते तशीच. तिथे मात्र ती तुमच्या हलगर्जीने झाली असं ठरलं तर दुरुस्तीचा खर्च डिपॉझिटमधून कापतात.

कचरा वेगळा करावा लागतो: कागद निळ्या डब्यात, प्लास्टिकची वेष्टनं पिवळ्या, भाज्यांची सालं तपकिरी. शहरागणिक रंग थोडे बदलतात, डब्यावरची चित्रं बघा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती न चेपता दुकानातल्या यंत्रात परत द्या. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. मिक्सर आणि कुकर त्याच्या आधी आटोपा.

आग किंवा रुग्णवाहिका ११२, पोलीस ११०. रात्री ताप आला, पण जिवावरचं नाही, तर ११६११७ वर डॉक्टरांची सोय विचारता येते.

घरी फोन करायची वेळही आधी ठरवून घ्या. पोचता तेव्हा तिथली घड्याळं आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती आणखी एक तास मागे जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो. तिथे संध्याकाळी पाच वाजता फोन केलात तर आधी घरी साडेआठ वाजलेले असायचे, त्या रविवारपासून साडेनऊ. जेवण उरकून फोनपाशी बसणाऱ्या आई-वडिलांना हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा.